ट्रकचे चाक हाती घेण्यापूर्वी

नागपूरहून वर्धेच्या रस्त्याने निघाले की तीसेक किलोमीटरवर बुटीबोरी लागते. ज्याला आपण वर्षानुवर्षे सात नंबरचा हमरस्ता म्हणत आलो तो आता चव्वेचाळीस नंबरचा, श्रीनगरहून थेट कन्याकुमारीला जाणारा. येथूनच वर्धा-यवतमाळ-तुळजापूरचा रस्ता फुटतो. एमआयडीसीत धागा निघतो, टायर निघतात, लोखंडाचे सामान निघते. आणि तो सारा माल नेण्यासाठी रात्रंदिवस ट्रकांची रांग लागलेली असते.

अशाच एका रांगेत एका सकाळी आम्ही उभे होतो. जेमतेम अठरा वर्षांचा एक मुलगा ट्रकची काच पुसत होता. तीन वर्षांपासून तो क्लीनर आहे. रात्री उस्तादाचा डोळा लागू लागला की स्टेअरिंग त्याच्या हाती येते. परवान्याचे विचारले तर तो नुसता हसला. उस्ताद म्हणाले, "गाडी शिकाले शाळा कायले लागते भाऊ? आमी त असेच शिकलो."

उस्ताद खोटे बोलत नव्हते. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल याच विद्येवर पेटली आहे. परंतु काच पुसता पुसता शिकलेल्या या विद्येला एक मोठी खोट आहे. ती कागदावर नसते. अपघात झाला की पोलीस, न्यायालय आणि विमा कंपनी पहिला प्रश्न विचारतात तो परवान्याचा. परवाना नसेल तर विमा कंपनी हात वर करते, किंवा जखमीला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करते. मालक मग पोराची बाजू घेत नाही. विनापरवाना चालवणाऱ्याला ५,००० रुपये दंड आहे आणि त्याच्या हाती गाडी देणाऱ्यालाही तेवढाच. खटला मात्र पोराच्याच नावाने उभा राहतो.

पायऱ्या कोणत्या?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने या धंद्याची शिडी बांधून दिली आहे. अठरा पूर्ण झाल्यावर हलक्या वाहनाचा शिकाऊ परवाना काढता येतो आणि निदान तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हा परवाना हाती आला की ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणजे कमाईला सुरुवात येथेच होऊ शकते. छोट्या गाडीवर रस्ता, माल आणि गिऱ्हाईक तिन्ही कळतात.

हलका परवाना एक वर्षाचा झाला आणि वय वीस पूर्ण झाले की मोठ्या गाडीकडे वळावे. मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जड वाहनाचे शिक्षण निदान तीस दिवसांचे असावे व त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे पंधरा तासांपेक्षा कमी नसावे, असा नियम आहे. जुलै २०२१ पासून सरकारमान्य प्रशिक्षण केंद्रांची नवी सोयही झाली आहे. तेथे जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो आणि तो पुरा करणाऱ्याला आरटीओत पुन्हा चालवून दाखवावे लागत नाही. डॉक्टरचा दाखला मात्र हवाच. डोळ्यांचा दोष लपवू नये; चष्मा लागल्याने कोणी कमी ड्रायव्हर होत नाही.

जड परवाना पाच वर्षांनी नवा करावा लागतो. रसायने, गॅस वा पेट्रोलचा टँकर चालवायचा असेल तर तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण घेऊन तशी नोंद परवान्यावर करून घ्यावी लागते. ती नोंद तीन वर्षे चालते व पुढे एक दिवसाची उजळणी करून वाढवता येते. टँकरवर बसू इच्छिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

पूर्वी या परवान्याला आठवी पासची अट होती. २०१९ मध्ये ती निघाली. म्हणून शाळा सोडून गाडीवर जाण्याची घाई करू नये. बिल्टी वाचावी लागते, वजनाची पावती वाचावी लागते, परराज्यातील पाट्या वाचाव्या लागतात. ज्याला वाचता येत नाही तो दुसरा सांगेल त्या कागदावर सही करतो, आणि माल कमी भरला की भरपाई त्याच्या पगारातून कापली जाते.

ड्रायव्हरचे काम म्हणजे काय?

स्टेअरिंग फिरवणे हे या कामाचे अर्धेच अंग आहे. निघण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. टायरची हवा, चाकांचे नट, इंजिन ऑइल, पाणी, दिवे, मागचे रिफ्लेक्टर, ताडपत्री, दोर. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात, म्हणून काट्यावर पुरती हवा भरल्याशिवाय गाडी जागची हलवू नये. ही हवा इंजिनच भरते. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणाऱ्याच्या हातून ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जातात. न्यूट्रल करणाऱ्याला इंजिनाचा आवर राहत नाही, सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो आणि ते तापून निकामी होतात.

माल भरताना तेथे हजर राहावे. नग मोजावे, फाटलेले पोते किंवा तुटलेले सील दिसले तर बिल्टीवर तसे लिहून घ्यावे. वजनकाट्याची पावती स्वतःजवळ ठेवावी. दहा चाकी ट्रकचे मालासह वजन २८.५ टनांपर्यंत चालते. त्यावर भरल्यास २०,००० रुपये दंड व वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. मालकाने जास्त भरायला सांगितले तर दंड कोण भरणार हे आधीच बोलून घ्यावे. नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट, प्रदूषण दाखला यांच्या तारखा ड्रायव्हरलाही ठाऊक हव्यात.

अपघात झाला तर जखमीला दवाखान्यात पोहोचवणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे कायद्याने ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. जमाव चालून आला तर जीव वाचवून जवळचे पोलीस ठाणे गाठावे. कायद्यानेही ही अडचण मानली आहे. ११२ आणि १०८ हे दोन आकडे क्लीनरलाही पाठ असावेत.

झोपेचा हिशेब

बुटीबोरीहून हैदराबाद पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. मालाच्या ई-वे बिलाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे या फेरीला कागद तीन दिवस देतो. तरी गाडी एका रात्रीत पोहोचावी अशी घाई असते. ही घाई कायद्याची नाही, ती जास्त फेऱ्यांची आहे. तिची किंमत पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान डुलकीने मोजली जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना त्यांनी आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. मोटार कामगारांना हेच माप १९६१ च्या कायद्याने मिळाले: दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ आणि एक दिवस सुटी. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत सामावला गेला. माप कागदावर आहे. ते मागायचे तर आधी आपला कागद पक्का हवा. ज्याच्या खिशात परवाना नाही तो "आज झोप झाली नाही, गाडी नेत नाही" असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

घरच्यांसाठी

मुलगा गाडीवर जातो म्हणाला तर आईवडिलांनी, पत्नीने चार गोष्टी विचाराव्यात. परवाना कोणत्या गाडीचा आहे आणि किती तारखेपर्यंत आहे? तो त्याच्याच जवळ आहे की मालकाच्या टेबलाच्या खणात? गाडीच्या विम्यात ड्रायव्हर व क्लीनरची जोखीम धरली आहे काय? पगार फेरीवर आहे की महिन्यावर, आणि त्याची लेखी नोंद कोठे आहे? परवान्याची, गाडीच्या नोंदणीची व विम्याची एक झेरॉक्स घरी ठेवावी. वाईट प्रसंगी भरपाई मागायची झाली तर हेच कागद उपयोगी पडतात.

दलालाकडून 'न जाता परवाना' कधी घेऊ नये. बुटीबोरीचे लोक नागपूर ग्रामीण आरटीओकडे, म्हणजे एमएच ४० कडे मोडतात. अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. आणि पुढे स्वतःची गाडी घ्यायची उमेद असेल तर १९७८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन कर्जाच्या योजना विचाराव्या. त्या अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच आहेत.

निघताना त्या मुलाला आम्ही वय विचारले. "दिवाळीत एकोणीस लागन," तो म्हणाला. म्हणजे हलका परवाना आजही निघतो. तो काढला तर वर्षभरात ती अट पुरी होईल आणि विसाव्या वर्षी मोठ्या गाडीचे दार उघडेल. काचेवरचा फडका थांबवून त्याने विचारले, "कागद कोनकोनते लागतात, लिहून देता का?" आम्ही वहीचे पान फाडले आणि लिहून दिले. उस्ताद काही बोलले नाहीत. पण पान घडी करून पोराच्या खिशात त्यांनीच घातले.