कार्पेट उखडल्यावर

डिचोली-पेडण्याकडच्या जुन्या घरांत जमिनीचे थर मोजता येतात. तळाशी चोपून सारवलेली मातीची भुई, तिच्यावर तांबड्या रंगाचा सिमेंटचा कोबा, आणि कोब्याला भेगा पडल्यावर त्या झाकायला चिकटवलेले व्हिनाइलचे कार्पेट. आता त्या जागी टाइल्स हव्यात, तेही चतुर्थीआधी.

डिचोलीला माझ्या मावशीच्या घरी हेच काम निघाले. तिचे म्हणणे होते, कार्पेटवरच घाला, मजुरी वाचेल. मेस्त्रीने कोपऱ्यात टाच दाबली. ती जरा आत गेली. "बाय, खालचं हललं की वरचं फुटणार." टाइल वाकत नाही, खाली मऊ थर राहिला तर आधी सांध्यांतला ग्राउट तडकतो, मग टाइल. वाद तिथेच संपला.

सामान बाहेर गेले. कटरने सहा-सहा इंचांच्या पट्ट्या पाडल्या. पट्टी सरळ वर ओढली तर फाटते आणि तिचे अस्तर जमिनीवरच राहते. जमिनीलगत, सावकाश ओढली तर सगळे एकत्र सुटते. भिंतीकडेला हीट गन लावावी लागली. खोलीच्या मध्यावर मात्र कार्पेट हाताने अलगद सुटत होते, आणि ते चांगले लक्षण नव्हते. गोंद ओलीने आधीच सुटला होता. खाली काळी बुरशी होती आणि कोब्यावर क्षाराची पांढरी पूड.

चिऱ्याचा पाया पावसात पाणी ओढतो. सारवलेल्या भुईतून ती ओल उडून जायची. व्हिनाइलने तिची वाट बंद केली. म्हणून ओलीची परीक्षा पावसातच करावी, एप्रिलमधला कोरडेपणा फसवा. दीड फूट चौरस प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवायचे आणि सोळा तासांनी उचलून बघायचे. आमच्या प्लास्टिकखाली थेंब जमले होते. मेस्त्रीने एपॉक्सी ग्राउट रद्द करून सिमेंटचा ठरवला. ओलीला सांध्यांतून थोडी तरी वाट राहील.

खरा घाम गोंद खरवडताना गाळला. ग्राइंडर फिरवला की काम झटपट होते, पण ही घाई जिवावर बेतू शकते. जुन्या कडक व्हिनाइल टाइल्समध्ये आणि काळ्या गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. आपल्याकडे अशा पीव्हीसी-अ‍ॅस्बेस्टॉस टाइल्ससाठी आयएस ३४६१ हे भारतीय मानकच होते. शंका आली तर कोरडे घासायचे नाही, आधी तुकडा तपासून घ्यायचा. आमचे कार्पेट अलीकडचे, मऊ गुंडाळीतले; तरी मेस्त्री पाणी शिंपडूनच पत्र्याने खरवडत होता.

मग हातोडीने ठोकत खोलीभर फिरणे. भरीव आणि पोकळ आवाज कानाला वेगळे लागतात. पोकळ निघालेला कोबा फोडून पुन्हा भरला. उरलेल्या गुळगुळीत कोब्यावर छिन्नीने टोचे मारले, नाहीतर वरचा माल धरत नाही.

माल आणि टाइल मिळून जमीन दोन इंच वर येणार होती. म्हणजे दार अडकणार. सुताराला बोलावले, तर तो म्हणाला, पावसात लाकूड फुगलेले असते, आता रंधा मारला तर उन्हाळ्यात खाली फट दिसेल, दिवाळीनंतर करू. मेस्त्रीला दार आजच हवे होते. मावशीने चतुर्थीची तारीख सांगितली, आणि दार बिजागऱ्यांवरून उतरले.