जुगाराची शिक्षा जड वाटली तर

महाड-पोलादपूरकडे पत्त्यांवर किंवा मटक्यावर पकडलेला कारागीर पुष्कळदा भानगड मिटावी म्हणून गुन्हा कबूल करतो. मग १८८७ च्या जुगार कायद्याखाली कैद झाली की अपील नाही असे समजून गप्प बसतो. जुगार वाईटच, पण महिनाभर दुकान बंद म्हणजे घरची चूल बंद, हे आम्ही व्यापारी जाणतो.

कबुलीनंतरही शिक्षा जास्त आहे एवढ्यापुरते अपील होते. महाडच्या निकालावर ते माणगावच्या सत्र न्यायालयात ३० दिवसांत करावे. कैद झाल्यास निकालाची प्रत फुकट मिळते. ती लगेच मागावी. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढत नाही.  नुसता शंभर रुपयांपर्यंत दंड असेल, तर मात्र अपील नाही.