दोन ठिकाणांच्या मधली मुंबई

लहान मुलांना घेऊन दोन रात्रींसाठी मुंबईला जायचं ठरलं, की माझ्या वहीच्या पानावर मुंबई सगळ्यात शेवटी उतरते. आधी उतरतो धाकट्याचा दिवस. सहाला जाग, लगेच दूध, आठला नाश्ता आणि त्यानंतर केव्हातरी शी, साडेअकराला भूक, एक ते तीन झोप, पाचला तोंडात टाकायला काहीतरी, साडेसातला जेवण, नऊला गुडुप. तो तीन वर्षांचा आहे आणि गाव बदललं म्हणून यातली एकही वेळ बदलत नाही. थोरली सहा वर्षांची. ती दुपारी झोपत नाही, पण दुपारी जरा आडवी झाली नाही तर संध्याकाळी सहाला रडायला कारण शोधते. एवढं लिहून झालं की दिवसात दोन मोकळे तुकडे उरतात: सकाळी साडेनऊ ते साडेअकरा आणि दुपारी चार ते सात. एका तुकड्यात एक ठिकाण, हा हिशेब.

नवऱ्याची यादी वेगळी असते. राणीची बाग, तारांगण, सायन्स सेंटर, म्हातारीचा बूट, घारापुरी, गेटवे, गिरगाव चौपाटी. ‘एवढं जातोच आहोत तर’ या चार शब्दांवर ती वाढत जाते. यादीतलं प्रत्येक ठिकाण मुलांना आवडेल असंच आहे. अडचण आहे ती यादीत नसलेल्या गोष्टींची: बागेच्या दारात टॅक्सीसाठी उन्हात उभं राहणं, पुढच्या खेळाची तिकिटं उघडेपर्यंत भिंतीला टेकून बसणं, जेवायला कुठे जायचं यावर मोठ्यांची फुटपाथवरची चर्चा. मुलं बघायच्या ठिकाणी फारशी रडत नाहीत, ती रडतात दोन ठिकाणांच्या मध्ये. म्हणून माझा नियोजनाचा बराचसा वेळ या मधल्या भागावर जातो. तिथे जरा डोकं लावलं तर मुलांसाठी तोच भाग सहल ठरतो.

पहिला प्रश्न वाराचा. राणीची बाग बुधवारी बंद, तारांगण आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असतो आणि ऐन दुपारी लोकलची वेळ कोलमडते. शाळेला सुट्टी लागली की गुरुवारी सकाळी निघून शनिवारी रात्री परत, हे गणित या सगळ्यातून सुटतं. शिवाय रविवार घरी मिळतो. तीन दिवसांचे कपडे धुवायला आणि मुलांना त्यांच्या गादीवर आणायला तो लागतोच.

दुसरा प्रश्न गाडीचा. पुण्याहून मुंबईला बसेस ढिगाने आहेत, पण द्रुतगती मार्गावरच्या बसमध्ये तीन वर्षांच्या मुलाला उठून फिरता येत नाही. डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला टेकते. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला आजही डायनिंग कार जोडलेली असते, आणि मुलांच्या दृष्टीने तिचं मोल ऑम्लेटपेक्षा चालत जाण्यात आहे. हलणाऱ्या गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जायचं, मधल्या जोडावर आईचा हात घट्ट धरायचा, पुढे टेबल-खुर्ची, टेबलावर काचेचा ग्लास! तासभर त्यातच निघून जातो. नाश्ता लोणावळ्याच्या आधी उरकायचा, कारण पुढे घाट आहे आणि घाटात बोगदे मोजायचे असतात. दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. त्यावरून भांडण होतं आणि कर्जत येतं.

तिकिटाचा नियम मात्र आधी समजून घ्यावा. पाच वर्षांखालच्या मुलाला भाडं नाही, पण त्याच्या नावावर सीटही नाही. पाच ते बारा वयाच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल, तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. आम्ही मोठ्यांबरोबर थोरलीचंही सीटचं तिकीट काढतो आणि धाकटा चौघांच्या मांडीवर फिरत राहतो. चौघं म्हणजे आम्ही दोघं, थोरली आणि सासूबाई.

सासूबाईंना न्यायचं म्हटलं की लोक विचारतात, एवढी लहान मुलं आणि वर म्हातारं माणूस? माझा अनुभव उलटा आहे. बाथरूम कुठे, बसायला बाक आहे का, सावली आहे का, जिने किती, जेवण वेळेवर मिळेल का, हे आईंचे पाच प्रश्न आणि धाकट्याच्या पाच गरजा तंतोतंत एकच आहेत. फरक इतकाच की आई ते बोलून दाखवतात. त्यांच्या सोयीने आखलेल्या दिवसात मुलं आपोआप बसतात. शिवाय दुपारी खोलीवर त्या धाकट्याजवळ लवंडल्या, की थोरलीला घेऊन अर्धा तास खाली उतरता येतं.

तिसरा प्रश्न खोलीचा, आणि इथे मी फोनवर बोलण्यात कंजुषी करत नाही. मुक्काम फोर्टातच. दादरला खोली स्वस्त मिळेल, उपनगरात मोठी मिळेल, पण दुपारी एकला मुलांना आडवं करायचं तर खोली बघायच्या जागांपासून दहा-पंधरा मिनिटांवर हवी. फोर्टातली बरीच लॉज जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत, म्हणून पहिला प्रश्न लिफ्टचा. मग खिडक्यांना ग्रिल आहे का, रात्री दूध गरम करून मिळेल का, बादली-मग आहे का, जादा गादी मिळेल का. गाडी साडेदहाला पोहोचते आणि खोली बाराला मिळते, तेव्हा सामान आधी ठेवून घ्याल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं: शेवटच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत खोली ठेवता येईल का? त्यासाठी वर अर्ध्या दिवसाचे पैसे मागितले तर मी घासाघीस करत नाही. पाच दहाची परतीची गाडी आणि बाराला सुटलेली खोली यांच्यामध्ये न झोपलेलं मूल घेऊन पाच तास काढून बघावेत, मग त्या पैशांचा अर्थ कळतो.

आता पहिला दिवस. गाडीतून उतरल्यावर लगेच कुठे जायचं नाही. सीएसएमटीचा तो परिसरच मुलांना पुरतो: आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या लोकल, हमाल, दगडात कोरलेले प्राणी. सामान टाकून पावणेबाराला उडप्याच्या हॉटेलात बसायचं. ही वेळ नेमकी आहे. एक वाजला की फोर्टातली कार्यालयं जेवायला सुटतात आणि टेबलासाठी मागे माणसं उभी राहतात. पावणेबाराला इडली पाच मिनिटांत समोर येते, दहीभातात मिरची घालू नका म्हटलेलं ऐकून घेतलं जातं आणि सांडलेलं पुसायला कोणीतरी मोकळं असतं. मुलांबरोबर हॉटेल निवडताना चवीच्या आधी मी पदार्थ किती लवकर येतो हे बघते.

झोप झाली की चारनंतर डबलडेकर. बेस्टच्या जुन्या डिझेलवरच्या दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, पण त्याच वर्षी फेब्रुवारीपासून विजेवरच्या वातानुकूलित डबलडेकर धावू लागल्या. ११५ क्रमांकाची सीएसएमटी ते नरिमन पॉइंट जाते. वर जाऊन अगदी पुढची काच पकडायची. ती भरली असेल तर पुढच्या बसची वाट बघायची, कारण आपल्याला कुठेही वेळेत पोहोचायचं नाहीये. झाडाच्या फांद्या काचेवर आपटतात, सिग्नल डोळ्यांच्या रेषेत येतो, खालच्या टॅक्सींची टपं दिसतात. शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर समुद्र. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर आई टेकतात, आणि पलीकडचे चौकोनी-तिकोनी सिमेंटचे ठोकळे नक्की कशाला टाकलेत हा प्रश्न सुरू होतो. लाटेचा जोर मोडायला, एवढं उत्तर पुरतं. मग नुसतंच बसायचं. परतताना टॅक्सी, कारण साडेसात जवळ आलेले असतात.

दुसऱ्या दिवशी राणीची बाग. इथे मुंबईचं एक साधं गणित उपयोगी पडतं. सकाळची गर्दी उपनगरातून दक्षिणेकडे येते, संध्याकाळी उलटी फिरते. फोर्टात राहणारा पाहुणा सकाळी नवाला सीएसएमटीहून भायखळ्याला निघाला तर तो त्या लोंढ्याच्या विरुद्ध दिशेने जातो. समोरच्या फलाटावर माणसांचा पूर उतरत असताना आपल्या धीम्या लोकलमध्ये खिडकीच्या जागा रिकाम्या असतात. गाडी इथूनच सुटते, म्हणून चढायला सवड मिळते. मशीद, सँडहर्स्ट रोड आणि भायखळा. उतरायची सवड मात्र नसते, गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. त्यामुळे आमचा क्रम ठरलेला आहे: सँडहर्स्ट रोड गेलं की सगळे उभे, आधी नवरा उतरणार, मग थोरली, मग आई, आणि धाकट्याला कडेवर घेऊन शेवटी मी. हा क्रम गाडीत चढायच्या आधी, फलाटावरच एकदा सगळ्यांना सांगायचा.

बागेत पेंग्विनचं आकर्षण मोठं. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना दिसू लागले. मूळचे ते पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यामुळे बर्फ कुठे आहे या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवावं. पेंग्विन आधी उरकायचे, रांग वाढायच्या आत. नंतर काहीही न ठरवता हिंडायचं. जुन्या संग्रहालयाच्या बाजूला दगडी हत्ती उभा आहे. हाच तो हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं. बेटावरून हलवताना तो मोडला, १८६४ मध्ये मुंबईत आणला आणि पुढे तुकडे जुळवून उभा केला गेला. जोडलेल्या हत्तीचे सांधे शोधण्यात मुलं इतकी रमतात, की पुढचा पिंजरा राहिला तरी कोणी तक्रार करत नाही.

मुंबईचे नातेवाईक हाही नियोजनाचाच भाग. डोंबिवलीच्या आत्यांना न भेटता परतलो तर वर्षभर ऐकावं लागेल, आणि भेटायला गेलो तर दोन्ही तुकडे संपले. म्हणून आत्यांना आधीच फोन: “आत्या, शुक्रवारी राणीच्या बागेत याल का? मुलांना तुमच्याबरोबर हत्ती बघायचाय.” पलीकडून ठरलेलं उत्तर: “अगं, घरी या की! डोंबिवली काय लांब आहे?” पण शुक्रवारी साडेदहाला त्या स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या घेऊन दारात हजर असतात. घरी गेलो असतो तर ओट्याशी उभ्या राहिल्या असत्या. इथे त्या दोन तास मुलांबरोबर बाकावर बसतात.

पिशवीचं थोडक्यात सांगते. बाबागाडी पुण्यालाच ठेवावी. बागेत आणि मरीन ड्राइव्हला ती चालते, पण फोर्टातल्या फुटपाथवर फेरीवाले, खांब आणि पायऱ्या चुकवत ती उचलूनच न्यावी लागते. त्याऐवजी एक पातळ सुती चादर: झोळी, पांघरूण, बैठक, सगळं तिच्यात होतं. राजगिऱ्याचे लाडू, केळी, एक जादा कपड्यांचा जोड, ओआरएसची पुडी, डॉक्टरांनी वजनाप्रमाणे मात्रा लिहून दिलेलं तापाचं औषध. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. आणि रोज सकाळी खोलीतून निघताना दोघांचा एक फोटो, त्या दिवशीच्या कपड्यांतला. गर्दीत हात सुटलाच, तर ‘कोणत्या रंगाचा शर्ट होता’ याचं उत्तर त्या घाबरलेल्या क्षणी आठवत नाही, फोनमध्ये मात्र असतं.

शनिवारची सकाळ मी वहीत कोरी ठेवते. मुलं ताजी असतील तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चालत गाठता येतं. तिथे २०१९ पासून मुलांसाठी वेगळं दालन आहे. पाऊस आला तर मेट्रो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आहे, आणि सीएसएमटीला जमिनीखाली उतरून थेट ‘सायन्स सेंटर’ नावाच्या स्थानकावर वर येता येतं. मुलं पेंगुळलेली असतील तर यातलं काहीच नाही. ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहून क्रिकेट बघायचं. एकाच मैदानावर इतके डाव चालू असतात, की कुणाचा चेंडू कुणाकडे गेला हे सांगणं थोरलीला आयुष्यातलं मोठं काम वाटतं. तिथून बाराच्या आत चर्चगेटला गेलं तर डबेवाले लांबलचक लाकडी पाट्या डोक्यावर घेऊन बाहेर पडताना दिसतात. याला तिकीट नाही, रांग नाही आणि पाय दुखले की निघता येतं.

मग जेवण, झोप, आणि पाच दहाची डेक्कन क्वीन. मुलांचं खाणं कर्जतच्या आधी उरकायचं, कारण घाट चढताना डोळे मिटू लागतात आणि उपाशी झोपलेलं मूल पुण्याला रिक्षात जागं होतं.

नवऱ्याच्या यादीतलं बरंच काही राहतं. ते मी खोडत नाही, वहीच्या मागच्या पानावर उतरवते आणि पुढे अट लिहिते. तारांगण: अंधारात अर्धा तास गप्प बसता येईल तेव्हा. घारापुरी: तासाभराची बोट आणि वरच्या सव्वाशेक पायऱ्या धाकटा स्वतःच्या पायांनी चढेल तेव्हा, आणि त्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे ना हे बोटीत पाय ठेवायच्या आधी विचारून. म्हातारीचा बूट: पुढच्या वेळी, मलबार हिलजवळ मुक्काम मिळाला तर. मुंबई पुण्याहून सव्वातीन तासांवर आहे आणि मुलं दरवर्षी थोडी मोठी होतात. मुंबई एका फेरीत संपवायची घाई फक्त मोठ्यांना असते.