नाव पुसलं, बिऱ्हाड हललं!

मुलांनो, गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांची पाटी असते. कुणी खोडकर मुलाने तिच्यावरचं नाव पुसलं, म्हणून काही त्या घरातलं बिऱ्हाड हलत नाही. पण संगणकात मात्र ते हलतं बरं का!

समजा, शाळेच्या संगणकावर लिनक्स आहे. सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमध्ये तुम्ही प्रकल्पाची फाइल ठेवलीत आणि तिला ‘फक्त वाचा’ असं कुलूप लावलंत. तरीही दुसऱ्या मुलाने ती पुसली! हे कसं झालं?

१९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचं काम सुरू केलं. १९९१ साली आलेली लिनक्स तिच्याच वळणाची. या प्रणालींत फोल्डर म्हणजे पेटी नव्हे, तर नावांची पाटी! फाइल पुसणं म्हणजे पाटीवरचं तिचं नाव खोडणं. त्यासाठी फोल्डरवर दोन परवानग्या लागतात: लिहिण्याची ‘डब्ल्यू’ आणि आत शिरण्याची ‘एक्स’. फाइलचं कुलूप इथे कुणी विचारतच नाही. ते फक्त आतला मजकूर बदलू देत नाही.

फोल्डर पुसताना आणखी एक अट असते. तो रिकामा हवा. आत फाइली असतील तर त्या आधी पुसायला हव्यात, आणि त्यांची नावं असतात आतल्या पाटीवर. तिथे लिहायची परवानगी नसेल, तर बाहेरच्या पाटीचा मालकसुद्धा अडतो!

मग सामाईक फोल्डरचं काय करायचं? त्याला ‘टी’ ही खूण लावायची. तिला ‘स्टिकी बिट’ म्हणतात. मग पाटीवर नाव कुणीही लिहावं, पण खोडावं फक्त त्या फाइलच्या मालकाने, फोल्डरच्या मालकाने किंवा ‘रूट’ या मुख्य व्यवस्थापकाने. तुमच्या शाळेच्या फोल्डरला ही खूण आहे का, सरांना किंवा बाईंना जरूर विचारा.

आता एक प्रयोग. घरी लिनक्स असेल तर आई-बाबांना शेजारी बसवा. एक नवा फोल्डर करून त्यात बिनकामाची फाइल ठेवा. फाइलची लिहिण्याची परवानगी काढा आणि ती पुसा. संगणक कदाचित एकदा विचारेल, पण पुसेल. मग दुसरी फाइल ठेवा आणि या वेळी फोल्डरची परवानगी काढा.

आता पुसून पाहा बरं!