श्रेष्ठ चित्रपट ठरविणार कोण?

ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ हे नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेऊन सर्वश्रेष्ठ चित्रपटांची यादी प्रसिद्ध करीत आले आहे. १९६२ ते २००२ या पाचही कौलांत ‘सिटिझन केन’ अग्रस्थानी होता. २०१२ मध्ये ते स्थान ‘व्हर्टिगो’कडे आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान यांच्या १९७५ च्या ‘झान दिलमान’कडे गेले. चित्रपट तेच राहिले. मतदारवर्ग मात्र ८४६ वरून सोळाशेंवर गेला. शिवाय मत पडते ते पाहावयास मिळालेल्या चित्रपटालाच. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपले बहुसंख्य मूकपट नष्ट झाले होते. त्यांची गुणवत्ता कोणत्या कौलाने ठरावी? श्रेष्ठत्वाच्या वादाआधी जतनाची जबाबदारी येते, ती याचसाठी.