झाडावरची ब्रुअरी

'क्राफ्ट ब्रुअरी' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? काचेपलीकडे चकाकणाऱ्या स्टीलच्या टाक्या, फळ्यावर खडूने लिहिलेली बीअरची नावं आणि महिन्याचा पॉकेटमनी संपवणारं बिल! पुण्यात २००९ साली 'डूलाली' सुरू झाली आणि हे वेड आपल्याकडे पसरत गेलं. (हा शब्द मूळचा आपल्या देवळालीचा बरं का! तिथल्या छावणीत मायदेशी जायची वाट बघून बघून गोरे सोल्जर वैतागायचे, त्यावरून इंग्रजीत 'डूलाली' म्हणजे चक्रम.)

दोन वर्षांपूर्वी आम्ही बोरिवलीहून नंदाखालला राहायला आलो. इथे स्टीलच्या टाक्या नाहीत. पण ब्रुअरी आहे, माडाच्या शेंड्याला टांगलेली.

आधीच सांगते, महाराष्ट्रात बीअरसाठीसुद्धा वयाची अट २१ आहे आणि मी आहे २० वर्षांची. त्यामुळे चवीबद्दल विचारू नका. केमिकलची स्टुडंट म्हणून प्रोसेसबद्दल मात्र हक्काने लिहिणार!

माडाची ती माडी, ताडाची ती ताडी आणि शिंदीची ती शिंदी. बोलताना सगळे सरसकट ताडीच म्हणतात. माडाला फुलोऱ्याचा जो बंद कोंब येतो ती पोय. ती करकचून बांधतात, हलक्या हाताने ठोकतात आणि टोकाला पातळ काप घेतात. मग थेंब थेंब रस खालच्या मडक्यात गळत राहतो. सकाळ-संध्याकाळ वर चढायचं, मडकं रिकामं करायचं, नवा काप घ्यायचा. किनाऱ्यावर हे काम पिढ्यान् पिढ्या भंडारी समाजाने केलं.

आता खरी गंमत. बीअर बनवायची तर सातू म्हणजे बार्ली आधी भिजवून मोड आणावे लागतात, कारण तिच्यात साखर नसते, स्टार्च असतो. मोड आले की एन्झाइम तयार होतात, ते गरम पाण्यात स्टार्चची साखर करतात, मग त्यात यीस्ट घालायचं. माड या सगळ्या पायऱ्या गाळतो. त्याचा रस मुळातच गोड, लिटरमागे साधारण १२० ग्रॅम साखर. यीस्टही विकत आणावं लागत नाही, ते मडक्यात आणि हवेत असतंच. म्हणजे रस गळायला लागला की किण्वनही सुरू. ('किण्वन' हा शब्द मी कॉन्व्हेंटवाली डिक्शनरीत बघून लिहितेय. घरी आपण 'आंबणं' म्हणतो, तेच हे!)

हिशोब केला तर १२० ग्रॅम साखरेपासून जास्तीत जास्त ६५ ग्रॅम अल्कोहोल निघेल, म्हणजे आकारमानाने ८ टक्के. प्रत्यक्षात ताडीत ४ ते ६ टक्केच सापडतं, कारण सगळी साखर संपायच्या आत लोक ती पितात आणि थोडी साखर आम्लांत जाते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं रोखलं जातं. तीच नीरा, आणि ती मी बिनधास्त पिते.

आमच्या शेजारच्या वाडीतले काका अजून माडावर चढतात. त्यांना मी विचारलं, "काका, ताडी बाटलीत भरून का नाही ठेवत?"

"बाटली फुटेल, बाय. सकाळची सकाळी संपवायची. आणि तुला नाही हं, बाबांना पाठव."

काकांचं उत्तर पुस्तकात शोभेल असं आहे. बीअर गाळून यीस्ट काढता येतं, ताडी मात्र आंबतच राहते, कार्बन डायऑक्साइडचा दाब वाढत जातो. एक-दोन दिवसांत असिटोबॅक्टर अल्कोहोलचं असिटिक ॲसिड करतो आणि ताडीचा व्हिनेगर होतो. तोही वाया जात नाही, स्वयंपाकात जातो. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते. त्यांना पाव हवा होता. गोव्यात पाव फुगवायला यीस्टऐवजी ताडीच वापरायचे. इथल्या ख्रिस्ती घरांतले फुगेही पूर्वी ताडीवरच फुगायचे. आता बहुतेक ठिकाणी यीस्टचं पाकीट.

म्हणजे खरी ताडी झाडापासून लांब जाऊ शकत नाही. मग शहरातल्या दुकानात दिवसभर, बाराही महिने ताडी कुठून येते? आपण इंजिनिअर, तेव्हा मटेरियल बॅलन्स मांडू. एक माड दिवसाला सुमारे दीड लिटर देतो असं धरा. रोज ६०० लिटर विकायची तर ४०० माड हवेत, आणि रोज दोनदा चढणारी माणसं हवीत. एवढे माड जवळपास दिसत नसतील तर उरलेली ताडी पाणी, सॅकरिन आणि क्लोरल हायड्रेटची असू शकते. क्लोरल हायड्रेट हे झोपेचं औषध आहे. त्याची नशा ताडीसारखी वाटते, पण डोस कोणी मोजलेला नसतो. अशा बनावट ताडीवर महाराष्ट्रात वेळोवेळी धाडी पडल्या आहेत, माणसं दगावलीही आहेत. ती पिणारा बहुतेक वेळा दिवसभर राबलेला माणूस असतो, ज्याला क्राफ्ट बीअरचं बिल परवडत नाही.

म्हणून कोणाच्या बाबांना ताडी घ्यायचीच असेल, तर दुकानदाराला एवढंच विचारायला सांगा: झाडं कुठे आहेत?

काकांची झाडं आमच्या गच्चीवरून मोजता येतात. आठ आहेत. म्हणजे दोन्ही वेळची मिळून बारा लिटर. सकाळचा वाटा नऊच्या आत संपतो. काका साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांचा मुलगा बँकेत आहे, तो झाडावर चढत नाही.