खेळातून उभा राहिलेला निधी

कर्करोगाचे नाव घरोघरी दबक्या आवाजातच घेतले जाते. तेच नाव एखाद्या लोकप्रिय फुटबॉल प्रशिक्षकाने उघडपणे उच्चारले, की प्रेक्षकवर्ग कान देऊन ऐकतो. इंग्लंडचे सर बॉबी रॉबसन यांना या रोगाने पाच वेळा गाठले. २००८ साली त्यांनी पत्नीसह न्यूकॅसल येथे निधी उभारला. पाच लाख पौंडांचे पहिले उद्दिष्ट सात आठवड्यांतच पुरे झाले! त्यातून फ्रीमन रुग्णालयात नव्या औषधांच्या चाचण्यांचे केंद्र निघाले. २६ जुलै २००९ रोजी १९९० च्या इंग्लंड-जर्मनी उपान्त्य सामन्याची आठवण म्हणून निधीसाठी सामना झाला. चाकांच्या खुर्चीतून रॉबसन मैदानावर आले, खेळाडूंना भेटले. पाचच दिवसांनी ते निवर्तले. निधीचे काम मात्र चालूच राहिले.